वैशूच्या गाण्याच्या गावी

हॉलंडहून येऊन दोन महिने झाले, तरी आमच्या भजनी मंडळातल्या बायका रोज तेच विचारतात. विमानात भीती वाटली का, तिकडं भाकरी मिळते का, पोरगी खरंच गाते का नुसतं सांगते. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे तोंड दुखतं, आणि दर वेळी थोडं इकडचं तिकडं होतं. म्हणून एकदाच वहीत लिहून काढते. यापुढं जी विचारील तिच्या हातात वही देईन. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर वाचता येतं.

विमानाचं लिहिण्यासारखं काही नाही. बसले, दिलं ते खाल्लं, झोपले, उतरले. पाय सुजले होते, ते दोन दिवसांनी बरे झाले.

जालना

वैशाली ही माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची, एकुलती एक मुलगी. आम्ही मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. प्रकाश जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला आणि तिथंच त्याचे कान गेले. आता त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं. वैशू चार वर्षांची असताना तिची आई गेली. माझा संसार त्याआधीच मोडला होता, म्हणून मी भावाकडं आले ती कायमचीच. वैशूला मी वाढवली. लाड केले आणि मारलीसुद्धा.

तिला घराजवळच्या मिशनच्या शाळेत घातली होती, कारण रस्ता ओलांडावा लागत नव्हता. तिथल्या गाण्याच्या बाईंनी एकदा मला बोलावून घेतलं. मला वाटलं काहीतरी फोडलं असेल. बाई म्हणाल्या, "हिचा आवाज वर जातो तेव्हा बारीक होत नाही, उलट भरतो. हिला शिकवा." मी म्हटलं, तुम्हीच शिकवा. त्यांनी शिकवलं. पुढं ती पुण्याला शिकली आणि मग हॉलंडला गेली. त्याला आता बारा वर्षं झाली.

ती काय गाते ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. बायकांचा सगळ्यात उंच आवाज असतो त्याला ते लोक सोप्रानो म्हणतात. वैशू तशा आवाजात गाते, आणि बहुतेक करून चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची गाणी गाते. त्या काळची वाद्यंही तशीच नव्यानं बनवून घेतात. कागदावर गाणं अर्धंच लिहिलेलं असतं, बाकीच्या जागा गाणारणीनं स्वतः भरायच्या. ते मला ओळखीचं वाटलं. नुसतं लिहिलेलं म्हटलं तर आपलं भजनही दहा मिनिटांत संपेल.

पण एवढ्या वर्षांत तिला कायमची जागा मिळाली नव्हती. आज इथं, उद्या तिथं. प्रकाशला याचा घोर होता. जालन्यातल्या एका शाळेत जूनपासून गाण्याच्या बाईची जागा होती, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ती वैशूसाठी राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात वैशूचा फोन आला. उट्रेख्त म्हणून गाव आहे, तिथल्या एका नावाजलेल्या गाणाऱ्या मंडळीत तीन वर्षांची पक्की जागा निघाली होती. एप्रिलमध्ये एका रविवारी कार्यक्रम, तो ऐकून त्यांच्या मुख्य बाई ठरवणार. जागा मिळाली तर ती तिकडं राहणार, नाही मिळाली तर जूनमध्ये जालन्याला येणार. "आत्या, तू ये ऐकायला. आजवर एकदाबी आली न्हाईस," ती म्हणाली.

प्रकाश म्हणाला, "आक्का, तूच जा. मला काय ऐकू येतंय? अन् जमत नसंल तर संगं घेऊनच ये."

व्हिसासाठी बोटांचे ठसे लागतात. माझे ठसे मशीन घेईना. पन्नास वर्षं भांडी घासून बोटांच्या रेघाच गेल्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, जोरात दाबा." मी म्हटलं, "याहून जोरात दाबलं तर तुझं मशीन मोडंल." ओल्या कपड्यानं पुसून पुसून आठव्यांदा ठसा उमटला. त्या मुलीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे लिहून ठेवते.

शेजारच्या शमीमआपा शिवणकाम करतात. त्यांनी मला कापूस भरलेलं जाकीट शिवून दिलं, आतून खिसा. "फुफी, वहाँ की ठंडी हड्डी में घुसती बोलते." माप घेताना त्यांनी विचारलं, "बच्ची को लाने को जा रहे, के सुनने को?"

मी म्हटलं, "बघू."

खरं सांगायचं तर मला ती परत यायला हवी होती. माझं वय बहात्तर, प्रकाश बहिरा. घरात बोलायला कोणी नाही.

उट्रेख्त, पहिले दिवस

वैशू विमानतळावर आली होती. वाळली होती. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तू दर वेळी हेच म्हणतीस. फोनवरसुद्धा."

गाव जुनं आहे, विटांचं. मधून पाण्याचे पाट काढलेले आहेत, आमच्या रस्त्यांएवढे रुंद, आणि ते पाणी नुसतं पडून आहे. कोणी भरत नाही, कोणी धूत नाही. जालन्यात नळ कधी येईल याची आम्ही वाट बघतो, म्हणून ते पाणी बघून मला पहिल्यांदा रागच आला. वर रोज पाऊसही पडतो. बारीक, रडका. त्यातच माझ्या वयाच्या बायका सायकलवर ताठ बसून जातात. एकीच्या मागं कुत्रं बसलेलं होतं.

वैशू एका घराच्या खालच्या मजल्यावर राहते. वर घरमालकीण, आनेके. माझ्याएवढीच असेल. तिनं पहिल्या दिवशी कॉफीला बोलावलं. डबा उघडला, प्रत्येकीला एक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि कपाटात ठेवला. मी वैशूकडं बघितलं. "इथं असंच असतं, आत्या. ती कंजूस न्हाई." दुसऱ्या दिवशी मी शेंगदाण्याचे लाडू नेले आणि अख्खा डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं एक लाडू घेतला, डब्याचं झाकण नीट लावलं आणि परत माझ्या हातात दिला. तेव्हा माझी खात्री पटली, ती कंजूस नाही.

सकाळी मोठी मोठी माणसं पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरून खातात आणि कामाला जातात. मी एकदा खाल्लं. पोरांना आवडेल. मी पीठ नेलं होतं, भाकरी थापली, लसणाची चटणी काढली. वैशूनं भाकरी खाल्ली, चटणीला हात लावला नाही. "गाण्याच्या आठवड्यात तिखट न्हाई खात मी."

ट्युलिपची फुलं बघितली. फुलं आहेत. वास नाही.

भाजीच्या दुकानात एक बाई भेटली, आपल्यासारखीच दिसणारी. तिच्या पणजोबांना इंग्रजांच्या काळात ऊस तोडायला सुरिनाम म्हणून देशात नेलं होतं, आणि तिथून ही मंडळी हॉलंडला आली. हिनं भारत कधी बघितला नाही, पण तिची हिंदी मला समजत होती आणि माझी तिला. मला मौसी म्हणाली. निघताना भेंडी जास्त घातली आणि वजन करताना दुसरीकडं बघितलं. गिऱ्हाइकाला वर मूठभर देण्याची रीत तिच्या घराण्यात एवढ्या पिढ्या टिकली, याचं मला बरं वाटलं.

वैशूचा आठवडा

मला वाटत होतं, एवढी गाणारी म्हणजे गाडीतून जाईल, मंचावर उभी राहील, हार घेईल. मी तिच्याबरोबर चार दिवस फिरले.

सोमवारी आगगाडीनं दुसऱ्या गावी, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. तिथं तिनं त्यांच्या लहानपणची साधी गाणी म्हटली. एक म्हातारा बोलायचा बंद झालेला होता, तो दोन ओळी तिच्याबरोबर म्हणाला आणि परत गप्प झाला. मंगळवारी लहान मुलांना शिकवायला. बुधवारी एका नव्या नाटकाची तालीम, त्यात तिला शिट्टी घालायची, कुजबुजायचं आणि मधेच किंचाळायचं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. ती किंचाळली तेव्हा मी उठून आत गेले. सगळे हसले. गुरुवारी चर्चमध्ये प्रार्थनेची गाणी. प्रत्येक ठिकाणी आवाज वेगळा काढायचा. जुन्या गाण्यात आवाज हलवायचा नाही, दोरीसारखा सरळ सोडायचा. नव्यात हलवायचा. आणि सगळीकडं पिशवी स्वतः उचलून, सायकलवर, पावसात.

घरी येताना मी म्हटलं, "हे रोजंदारीचं काम झालं. याच्यापरीस आपल्याकडचा सालदार बरा, एक मालक तरी असतो."

"म्हणून तर ही जागा पाहिजे ना आत्या. तीन वर्षांची सालदारकी." मग म्हणाली, "छत्तीस झाले मला. यंदा न्हाई मिळाली तर मंग परत कोण बोलवणार न्हाई. तिकडं येते, शाळेत शिकवते. चांगलंच काम हाय ते. पण हे मंग संपलं."



शनिवारी चर्चमध्ये रविवारच्या कार्यक्रमाची तालीम होती. वाजवणारे तिघं. एक यान, पंच्याहत्तरीचा म्हातारा, लांबट पेटीसारखं वाद्य वाजवणारा. त्यात आत तारा असतात आणि पट्टी दाबली की तार छेडली जाते. दुसरा गुडघ्यांत धरून मोठ्या सारंगीसारखं वाजवणारा, तिसरीकडं लांब मानेचं तंतुवाद्य. गाणाऱ्या दोघी, वैशू आणि लिसा म्हणून एक उंच गोरी मुलगी. हीच जागा लिसालाही हवी होती. तालीमभर ती वैशूवरची नजर हलवीना. पापणी लवत नव्हती. आणि घरी येताना वैशू पायरीवर अडखळली.

मी मनात म्हटलं, लागली.

रविवार

कार्यक्रम दुपारी चारला होता. सकाळी वैशू उठली तर डोकं जड. आता मला शंकाच उरली नाही.

माझ्याजवळ घरून नेलेल्या सुक्या मिरच्या होत्या. सात मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेतली आणि वैशूला खुर्चीवर बसवलं. ती केस विंचरत होती. "काढ बाई दिष्ट, तुझं समाधान होऊ दे," म्हणाली. सात वेळा उतरवलं.

घरी असते तर अंगणात शेगडीवर टाकलं असतं. इथं अंगण नाही, निखारा नाही. विजेची काचेची चूल. मी तवा लाल होईस्तोवर तापवला आणि मूठ त्यावर सोडली. खिडक्या बंद होत्या, कारण गार वाऱ्यानं गळा बसतो म्हणून वैशूनंच मला त्या सकाळी लावून घ्यायला सांगितल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. खरीच दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळाल्या तरी ठसका लागत नाही. लागलेली नसली तर लागतो.

असा ठसका लागला की मला माझा हात दिसेना. छताला धुराची घंटा लावलेली असते, ती किंचाळायला लागली. वैशू खोकत खोकत जमिनीवर बसली. आनेके वरून धावत आली, तिनं मागचं दार उघडलं, फडक्यानं तवा धरला आणि बाहेर पावसात टाकला. मग टॉवेल हलवून ती घंटा बंद केली. तिचेही डोळे लाल झाले होते. तिनं वैशूला पाणी दिलं, मला पाणी दिलं, मग स्वतः प्यायली. मला क्षमा मागायचा शब्द येत नव्हता. मी हात जोडले. तिनं माझे हात धरून खाली केले.

वैशूला कोणाचीही नजर लागलेली नव्हती, एवढं त्या दिवशी कळलं.

ती तासभर खोकली. मग पेल्यातल्या पाण्यात नळी घालून त्यातून हळू आवाज काढत बसली. गळा मोकळा करायची त्यांची ती रीत आहे. मग गाऊन बघितलं. खालचे सूर ठीक लागत होते. वर गेली की कापड फाटावं तसा आवाज फाटायचा. पुन्हा केलं. पुन्हा फाटला.

 ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

इथं एक गोष्ट लिहिते, ती वैशूला मी तिथं सांगितली नाही, तिला ही वही वाचून कळेल. त्या वेळी तिच्याकडं बघताना माझ्या मनात आलं, झालं ते बरंच झालं. आता घरी येईल. क्षणभरच आलं, पण आलं. मग मला माझीच किळस आली आणि मी तिची साडी इस्त्री करायला घेतली.

चर्चमध्ये

दोन वाजता चर्चमध्ये पोचलो. वैशूनं सगळ्यांना सांगितलं की घरात धूर झाला आणि वरचे सूर लागत नाहीत. कोणामुळं झाला ते सांगितलं नाही. त्यांच्या मुख्य बाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी घड्याळ बघितलं, कागद चाळले आणि काहीतरी म्हणाल्या. वैशूनं मान हलवली. मला भाषा येत नाही, पण मान कशी हलली ते कळतं.

"काय म्हणती?"

"माझी एकटीची गाणी लिसा म्हणंल. मी फक्त दोघींच्या गाण्यात उभं राहायचं."

म्हणजे जागा गेली.

मी म्हटलं, "पट्टी खाली घ्या की."

आमच्या भजनी मंडळात तेच करतो. द्वारकाबाईंचा गळा बसला की पेटी काळी चारवरून काळी एकवर आणतो आणि भजन चालू. त्यासाठी कोणी भजन दुसरीला देत नाही.

"आत्या, गप बस. तारा तातीच्या, आतड्याच्या असत्यात. एकदम उतरवल्या की टिकत न्हाईत. इथं तसं करत न्हाईत."

म्हातारा यान आपल्या वाद्याशी बसला होता. त्यानं वैशूला विचारलं, ही काय म्हणते? ती सांगेना. त्यानं परत विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग उठला, वाद्याच्या एका टोकाची लाकडाची पट्टी काढली आणि सगळ्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या एकदम धरून बाजूला सरकवल्या. आमच्या पेटीसारख्याच! मग बसून एक सूर वाजवला आणि बाकीच्यांना काहीतरी म्हणाला. वैशूनं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, "मी खाली आलो. आता तुम्ही या."

मी काही नवीन सांगितलं असं नाही. त्यांच्या सगळ्यांच्या मनात ते आलं असणार. पण कार्यक्रम दोन तासांवर असताना बोलायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. मी बोलले, कारण मला त्यातली अडचण कळत नव्हती.

मुख्य बाई आधी नाही म्हणाल्या. तारा बिघडतील म्हणाल्या. तेव्हा लिसा बोलली. ती म्हणाली की एवढी खालची पट्टी तिलाही चालेल, आणि वैशूची गाणी वैशूचीच आहेत. तिनं आपल्या पिशवीतून गरम पाण्याचं भांडं काढून वैशूच्या हातात दिलं. मला त्या मुलीकडं बघवेना. शनिवारी ती वैशूकडं का बघत होती तेही मी नंतर विचारलं. दोघींच्या गाण्यात दोघींनी एकदम श्वास घ्यायचा असतो, म्हणून ती वैशूच्या खांद्यांवर लक्ष ठेवून होती.

मग सुरू झालं लावणं. तातीच्या तारा उतरवायच्या, थांबायचं, त्या परत सरकायच्या, परत लावायच्या. सारंगीवाल्याचं तोंड एवढंसं झालं होतं, पण हात थांबला नाही. यान सूर देत राहिला आणि बाकीच्या दोघांनी दीड तास नुसत्या तारा लावल्या, एका मुलीच्या गळ्यासाठी. दरवाजे दहा मिनिटं उशिरा उघडले. त्या देशात दहा मिनिटं म्हणजे फार.

लोक आले, चारशे तरी असतील. आनेकेही आली होती, डोक्याला निळा रुमाल बांधून. पहिलं गाणं दोघींचं होतं. लांब होतं, मला आवडलं नाही. मग वैशू एकटी पुढं आली. अंगावर हिरवी इरकल साडी.

एक बाई आपल्या माणसाची वाट बघते आहे आणि तो येणार नाही हे तिला ठाऊक आहे, असं ते गाणं, असं तिनं मला आधी सांगितलं होतं. सुरुवात अगदी खालून, जवळजवळ बोलल्यासारखी. मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, गळ्याकडं बघत होते. जिथं आवाज फाटायचा ती जागा जवळ आली की मी बाकाची कड धरायची. ती तिथपर्यंत जायची आणि वर न जाता खाली वळायची, आणि तिथं काहीतरी असं भरायची की वर जायचंच नव्हतं असं वाटावं. एकदा गेली वर. एकदाच. बारीक, सरळ. मला वाटलं आता तुटतो. तुटला नाही.

शेवटचा सूर संपला तरी कोणी टाळी वाजवली नाही. मी वैशूला तिथून घेऊन जायला उठणार, तेवढ्यात आनेकेनं माझ्या मांडीवर हात ठेवला. तिकडं गाणं संपल्यावर लोक आधी गप्प बसतात. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

नंतर मागच्या खोलीत कॉफी होती. मी वैशूला म्हटलं, "त्या बाईला सांग, मिरच्या मी जाळल्या म्हणून."

"कशाला आत्या?"

"सांग. न्हाई तर मी हातवारे करून सांगते."

तिनं सांगितलं. मुख्य बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि विचारलं, मिरच्या कशासाठी? वैशूनं दृष्टीचं सगळं समजावलं, ठसक्यासकट. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं, थट्टा केली नाही. मग म्हणाल्या, ठसका लागला म्हणजे नजर नव्हती? वैशू म्हणाली, नव्हती. तेव्हा त्या हसल्या. मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदा. मग वैशूला बाजूला घेऊन गेल्या.

वैशू परत आली ती डोळे पुसतच. जागा तिला दिली होती. सकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. सप्टेंबरपासून तीन वर्षं, मधे सुट्टी थोडी, गावोगाव फिरती.

"लिसाचं काय?"

"तिनंच आधी मिठी मारली. तिला दुसरीकडं काम हाय म्हणती. खरं का खोटं, माहीत न्हाई."

प्रकाशला फोन लावला. चर्चच्या अंगणात उभी राहून मी ओरडत होते. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे.

"जागा मिळाली! तीन साल!"

"आँ?"

"तीन साल! तिथंच!"

या खेपेला त्याला ऐकू आलं.  मग म्हणाला, "आक्का, तू काय म्हणतीस?"

वैशू माझ्यासमोर उभी होती. मी म्हणाले असते, घरी चल, तर ती आली असती. ते मला ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं एवढ्या वर्षांत माझा शब्द एकदाच मोडला होता, हॉलंडला आली तेव्हा.

"मी म्हणते, राहू दे तिला."

"गाती का पण चांगलं?"

"मला त्यातलं कळत न्हाई. गळा बसला होता तिचा, अन् चारशे माणसांत एकालाबी पत्ता लागला न्हाई. एवढं तिला येतं."

मग तो म्हणाला, "मंग शाळेत कोण सांगणार? मला न्हाई जमायचं."

"मी सांगते."

वैशूनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बापाशी ओरडून बोलायला लागली. आता ती आवाज जपत नव्हती. मी दटावलं नाही.

निघायच्या दिवशी आनेकेनं तवा आणून दिला. दोन दिवस घासून तिनं तो नव्यासारखा केला होता. त्या देशात मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि कोणाचं काही चांगलं करायला मी गेले नव्हते. उलट एका मुलीचा गळा बसवला, एका घरात धूर केला, एका कार्यक्रमाला उशीर केला. कोणी मला बोल लावला नाही. यानं तर जाताना माझा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं, ते वैशूनं मला सांगितलंच नाही, नुसती हसली. या सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे हे मला माहीत नाही, म्हणून निदान नावं लिहून ठेवली.

परत जालना

आल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची दिली. मी सांगितलं, वैशाली येणार नाही, जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या, आणि थांबलात त्याबद्दल आभारी आहे.

त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. चहा मागवला. "तिकडंच मोठं काम मिळालं म्हणायचं. छान झालं. मग आता परत कधी येणार त्या?"

"ते मी तिला इचारलं न्हाई," मी म्हटलं. आणि चहा प्याले.